चौक्याबाहेरचे अकरा कटोरे

रामनिवासकाकांचं नाव निघालं की आमची माय अजून बी त्या पहिल्या दिवसाचीच गोष्ट सांगती, म्हणून मी बी तिथूनच सुरू करते.

१९५३ साली आम्ही जालन्याला सदर बाजारात काकांच्या घरात मागच्या दोन खोल्यांमदी राहायला आलो. काका माहेश्वरी मारवाडी, पण तीन पिढ्यांपासून जालन्याचेच. जिनिंगमदी कापूस पारखायचं काम करायचे. घरात ते आन त्यांची बायको प्रेमबाई, दोघंच. सामान उतरून झालं न झालं तं प्रेमबाईकाकीनं मायला चहा आणून दिला. सोता पितळी वाटीत घेतला आन मायला दिला चिनी मातीच्या एका कटोऱ्यात. गुलाबी फळं, हिरवी पानं, काठाला सोन्याची बारीक रेघ. एवढा देखणा कटोरा, पण मायचं तोंड उतरलं. तिला बराबर समजलं की हा परक्यांचा कटोरा हाय. चौक्यातलं, म्हंजे त्यांच्या सैपाकघरातलं, पितळेचं भांडं दुसऱ्या जातीच्या माणसाच्या तोंडाला लावायचं न्हाई. त्याला चिनी मातीचं द्यायचं, आन ते धुऊन परत बाहेर ओसरीतल्या फळीवरच ठेवायचं.

तेवढ्यात काका कामावरून आले. दारातच थबकले.

"ताई, हळू. दोन हातानं धरा."

"कामून? काय झालं?" माय म्हणाली.

"काय न्हाई, काय न्हाई. तुम्ही आरामात प्या. फक्त ते... शंभर-दीडशे वर्षांचं हाय."

मायला असा ठसका लागला की चहा नाकात गेला. काकी आतून म्हणती, "कायको घाबरवता बाईला? काल टपालवाला बी त्यातच पेला. त्याला काय झालं न्हाई."

तं हे असं घर होतं. घरात सगळ्यात मोलाचं जे होतं त्यात टपालवाला, दूधवाला आन आम्ही चहा प्यायचो, आन ज्याचं होतं तो माणूस आत बसून पितळेत.

काकी वाईट होती असं कुणाला वाटू नये, म्हणून आधीच सांगते. मला ताप आला तं माझ्या उशाशी दोन दिवस बसली ती काकीच. पण चौक्याचे नेम म्हंजे नेम. आम्ही आल्याच्या आठवड्यातच मायनं चुकून त्यांची पितळी लोटी घेऊन रांजणातलं पाणी काढलं. काकीनं पाह्यलं. लोटी आत नेली, चुलीतले लाल निखारे तिच्यात भरले, लोटी तापून निघाली तसे निखारे ओतले, मंग राख आन चिंच लावून घासून घासून सोन्यावानी करून पालथी घातली. म्हंजे लोटी शुद्ध झाली. माय खिडकीतून पाहून राह्यली होती.

"मी काय हाताला इख लावून आले का गं?" मला म्हणाली. चार दिवस काकीशी बोलली न्हाई. पाचव्या दिवशी काकीनं गरम फुलके आन कैरीचं लोणचं पाठवलं, तवा बोलली.

आता काकांचं सांगते. काकांचे डोळे अधू होते, पण बोटं! कापसाची गाडी आली की ते कापसाकडं पाहायचेच न्हाईत. शेतकऱ्याशी बोलत राह्यचे, पाऊस कसाय, बैल कसेयत, आन हात गाडीत खुपसलेला. दोन बोटांत चिमूटभर रुई ओढून, ताणून, तोडून पाहायची, आन बोलता बोलताच सांगायचं, "वरचा चांगलाय भाऊ, खाली जुना भरलाय." समोरचा लाजून हसायचाच. ह्याच बोटांनी त्यांना कटोऱ्यांचा नाद लावला.

पहिला कटोरा १९४९ सालचा. काका ही गोष्ट इतक्यांदा सांगायचे की मला तोंडपाठ हाय. जिनिंगच्या कामानं जाफराबादला गेल्ते. बाजारचा दिवस होता. एक बाई तिखट इकून राह्यली होती, आन तिनं ते तिखट भरलं होतं एका कटोऱ्यात. काकांनी तिखट पाहायला हात घातला आन कटोऱ्याच्या अंगाला बोट लागलं. त्याच्यावरचं चित्र बोटाला उंच लागलं. रंग सपाट न्हवता, वर आलेला होता. काकांच्या आईचा एक बाजूबंद होता राजस्थानातून आलेला, त्याच्यावरचा मीना, म्हंजे भट्टीत भाजून चढवलेला रंग, असाच बोटाला लागायचा.

"सोन्यावर मीना पाह्यलेला मी," काका सांगायचे, "चांदीवर पाह्यला. पन मातीवर मीना! माझे तं पायच हालंनात तिथून."

त्यांनी बाईला इचारलं, "बाई, हा कटोरा कुठला?"

"मायचा हाय. माय हैद्राबादला देवडीत, बड्या लोकाच्या वाड्यात, कामाला होती. तिखट घ्याचं का न्हाई?"

"कटोरा देती का?"

"आन मंग तिखट काय डोक्यावर ठिऊ?"

काकांजवळ प्रवासाची पितळी लोटी होती, लग्नातली. तिला दिली. "ह्याच्यात ठेव." बाईनं लोटी वाजवून पाह्यली, काकांकडं वर-खाली पाह्यलं, आन इतकी कीव आली तिला ह्या माणसाची, की दोन मुठी तिखट बी वरून फुकट दिलं.

घरी आल्यावर काकी म्हणाली, "लोटी कुठंय?"

काकांनी धोतराच्या सोग्यातून कटोरा काढला.

"अरे राम! लोकं माती देतेत आन पितळ आणतेत. ह्यांचं उलटं!" मंग कटोरा जवळून पाह्यला. "हे काय काढलंय ह्याच्यावर?"

"फुलपाखरू वाटून राह्यलं."

"फुलपाखराला कान असतेत? वटवाघूळ हाय हे! एक, दोन, तीन, चार, पाच! जेवायच्या भांड्यावर वटवाघळं! कोन पापी माणूस जेवायचा ह्याच्यात? बाहेर ठेवा. चौक्याला लागू देऊ नका."

तिथून पुढं दहा वर्षं तो कटोरा बाहेरच राह्यला.

वटवाघळांचा उलगडा केला गयासोद्दीनचाचांनी. चाचा जालन्यातच कादराबादेत लेकाकडं राह्यचे. उमरभर हैद्राबादच्या एका नवाबाच्या देवडीत चिनी भांड्यांची देखरेख त्यांच्याकडं होती. निजामाचं राज गेलं, देवडीचा खर्चा नवाबाला झेपंना, भांडी कुठल्या कुठं गेली, चाचा जालन्याला आले. काकांनी कटोरा त्यांच्यापुढं ठेवला. चाचा आधी उठून हात धुऊन आले. मंग हात पुसले. मंग शिवले.

"ये चीन का माल है रामनिवास," म्हणाले. "ये पाँच चमगादडां मनहूस नै, पाँच नेमतां हैं. चीनी लोगां इसको बरकत मानते. ये फल आम नै, शफतालू है, पीच बोलते सो, उमर का फल. और बीच में ये गोल निशान देखे? ये उनके लिखने में 'उमर' लिखा सो है. लंबी उमर की दुआ. कुछ समझे?"

"दुआ कोणासाठी?"

"जो इसमें खाया-पिया, उसके वास्ते. लेकिन खाली रखे तो दुआ किसको लगेंगी? दीवार को?"

हे वाक्य काकांच्या डोक्यात बसलं ते बसलंच.

मंग सुरू झालं. कापसाच्या कामानं काका गावोगाव फिरायचे, आन जातील तिथं नजर भांड्यांवर. मंठ्याला एका घरी कोंबड्या ज्याच्यात पाणी पिऊन राह्यल्या होत्या तो निघाला पिवळ्या मीन्याचा कटोरा. आष्टीला एका म्हातारीनं लोणच्याच्या बरणीवर झाकण म्हणून पालथा घातला होता, त्याच्यावर सारस पक्षी आन देवदाराचं झाड. दर वेळी काका घरातलं एक पितळेचं भांडं नेऊन द्यायचे. कोंबड्यावाल्या बाईला बी पातेलं दिलं, म्हणाले, "कोंबड्यांला काय फरक पडतो, पन तुझ्या मनाला वाईट नको वाटायला." काही लोकं त्यांना फसवायला छापील कपबशा घेऊन यायचे. काका डोळे मिटून एकडाव बोट फिरवायचे. "सपाट हाय दादा. घरी चहा पी ह्याच्यात, चांगलंय." आन परत द्यायचे.

अकरा झाले. चौक्यातून अकरा पितळी भांडी गेली आन ओसरीतल्या फळीवर अकरा कटोरे आले. काकी म्हणायची, "आणखी दोन साल, मंग मी सैपाक बी तुमच्या टोपीत करते."

एक गोष्ट माझ्या लक्षात आल्ती. काका सगळं घ्यायचे न्हाईत. चाचांनी एकडाव एक कटोरा दाखवला, लाल मासे काढलेला, असा की मासे पळतील वाटायचं. मी सोबत होते. मी तं वेडी झाले. काकांनी हात लावून पाह्यला, तारीफ केली आन परत ठेवला. वाटंत मी भांडायलाच लागले.

"काका, कामून न्हाई घेतला? सगळ्यात भारी तोच होता!"

"त्याच्यावर उमर न्हाई लिहिलेली."

"मंग काय झालं?"

काका चालत राह्यले. टांगा-अड्ड्यापशी आलो तवा बोलले.

"उषाबाई, आम्हाला दोन लेकरं झाल्ती. तुला म्हाईत न्हाई. पोरगा चार सालाचा, पोरगी दीड सालाची. दोन महिन्यांच्या आत दोघं गेली. तवा तुझ्या काकीनं अन्न सोडलं. मला वाटलं ही बी जाती आता. मी रोज रात्री उठून पाहायचो, श्वास चालू हाय का. आता खाती-पिती, भांडती, सगळं बराबर. पन माझं ते भेव गेलं न्हाई अजून. तं हे सगळे कटोरे तिचे हायेत. तिच्या उमरीचे. एकडाव तिनं ह्यातून घोटभर पाणी प्यावं, बस."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी म्हणाले, "मंग सांगा की तिला! आत्ता जाऊन सांगू?"

"बिलकुल न्हाई! शपथ हाय तुला. मी म्हणालो तं पिईल ती. माझ्या शब्दासाठी ओसरीवर बसून, डोळे मिटून, कडू काढा घेतल्यावानी पिईल आन नंतर आंघोळ करील. तसं नको. तिच्या मनानं तिनं आपल्या हातानं चौक्यात न्यावा. एकडाव."

आन मजा पाहा. तिकडं काकी दरसाल तीजेला काकांच्या उमरीसाठी उपास धरायची. श्रावणात राखी झाली की तिसऱ्या दिवशी मारवाडी बायकांची मोठी तीज. दिवसभर पाण्याचा थेंब न्हाई. दिवेलागणीनंतर कडुलिंबाच्या डहाळीची पूजा, चंद्र उगवला की नवऱ्यानं सातूचा पिंडा, म्हंजे सातूच्या पिठाचा गोड गोळा, कापायचा, आन बाईनं पळसाच्या पानाच्या द्रोणातून सात घोट कच्चं दूध पिऊन उपास सोडायचा. म्हंजे एकाच घरात ती ह्यांच्या उमरीसाठी उपाशी, आन हे तिच्या उमरीसाठी बाजार पालथे घालून राह्यलेले. दोघं एकमेकांना येड्यात काढायचे. आन हे सगळं म्हाईत असलेली मी एकटी.

मी पाच वर्षं तोंड बंद ठेवलं. माझ्यासारखीनं! माझ्या मैत्रिणींना इचारा, माझ्या पोटात पाच मिनिटं काय राहत न्हाई.

गेल्या साली, १९५९ला, कॉलेजला राखीची सुट्टी लागली म्हणून औरंगाबादहून गाडीनं जालन्याला आले. तीजेच्या आदल्या दिवशी काकी घर झाडून राह्यली होती. मी मदतीला. ओसरीतली फळी साफ करता करता काकीचं डोकं फिरलं. का, कशावरून, काय म्हाईत. सणाच्या आदल्या दिवशी तिला लेकरांची आठवण यायची, हे मला नंतर कळलं.

"उमर, उमर!" ती कटोऱ्यांकडं पाहून म्हणाली. "ह्या मातीवर उमर लिहिलीय म्हणं. माझी लेकरं गेली तवा कुठं होती ही उमर? आता म्हातारपणी कुणासाठी गोळा करून राह्यले? ह्यांना म्हणावं, सगळे नेऊन गयासचाचाला द्या. मला माझी फळी पायजे, मसाल्याचे डबे ठेवायला."

मी बोलून गेले. थांबवूच शकले न्हाई.

"काकी, तुमच्यासाठी हायेत ते! सगळे तुमच्यासाठी! लेकरं गेल्यावर तुम्ही जेवत न्हवत्या तवापासून काकांना भेव वाटतंय तुम्ही बी जाल म्हणून! तुम्ही एकडाव घोटभर पाणी प्यावं ह्यातून, एवढंच पायजे त्यांना, आन ते सांगणार न्हाईत तुम्हाला कधीच!"

काकी फडकं हातात धरून तशीच उभी. मी इतकी घाबरले की पळून घरी आले आन मायच्या पाठीमागं बसले.

"काय केलंस?" माय म्हणाली.

"काय न्हाई."

"तोंडावरून तं दिसतंय."

रात्रभर मला झोप न्हाई. सकाळी काका जिनिंगला गेले. सीझन न्हवता, पण यंत्रांची सफाई चालू होती. जरा वेळानं काकीनं हाक मारली.

"उषा, इकडं ये. बोलू नको, फक्त ये."

ती चौक्याच्या दारात बसली होती, न्हाऊन, उपासाची. समोर परात. परातीत तो पहिला कटोरा, जाफराबादचा, पाच वटवाघळांचा. चौक्याच्या आत! मी खालीच बसले.

"आज दूध ह्याच्यातून पिते," ती म्हणाली, हळूच, कुणी ऐकलं तं काय म्हणंल असं. "पन दहा साल टपालवाल्यापासून सगळ्यांचं तोंड लागलंय त्याला. आधी शुद्ध करायला पायजे. तू फुंकणी घे."

आन मी, कॉलेजात शिकणारी मी, घेतली फुंकणी. मला इतका आनंद झाल्ता की डोकं चाललंच न्हाई. निखारे लालबुंद केले. काकीनं चिमट्यानं एक एक उचलला आन कटोऱ्यात ठेवला, जसे लोटीत ठेवले होते तसे. एक. दोन. तिसरा ठेवला आन कटोऱ्यातून आवाज आला. मोठा न्हवता. बांगडी पिचल्यावर येतो तेवढाच. काठापासून बुडापर्यंत चीर गेली, मधल्या त्या गोल निशाणातून, आन एक फाक सुटून परातीत पडली.

काकीच्या हातातला चिमटा पडला.

"आज तीज," ती म्हणाली. "आज त्यांच्या उमरीचा उपास, उषा. आन मी उमरच फोडली." तिनं फाक उचलून पाह्यली. "आता त्यांना काय झालं तं? आता काय करू मी?"

मी चपला बी न घालता पळाले, जिनिंगकडं न्हाई, सरळ कादराबादला. चाचांना हाताला धरून आणलं म्हणा ना. वाटंत सगळं सांगितलं, रडत रडत. चाचा काठी टेकत ओसरीत आले, चौक्याकडं पाठ करून बसले, आत पाहायला नको म्हणून.

"बेटी, आग में डाले?"

"हौ चाचा," आतून काकीचा आवाज. "शुद्ध करायला."

"अगे बेटी, ये तो पैदाच आग में हुआ है. एक बार नै, दो बार. पैले मिट्टी पकाने को भट्टी में गया, फिर उसपे मीना चढाए तो फिर भट्टी में गया. लोटी कू तुम घडीभर निखारे में रखते. ये दिनां के दिनां भट्टी में बैठा सो है. अब इससे जास्ती पाक और क्या होता?"

आत परात सरकल्याचा आवाज झाला. मंग काकी म्हणाली, "हे आधी कामून न्हाई सांगितलं कुणी?"

"दस साल में आप पूछेच नै!" चाचा म्हणाले.

मी रडता रडता हसले. तेवढ्यात काका आले. कुणी सांगितलं काय म्हाईत. मी अनवाणी पळताना अर्ध्या सदर बाजारानं पाह्यलं होतं. धापा टाकत आले. काकी चौक्याच्या उंबऱ्यात उभी राह्यली, पदरात कटोऱ्याचे दोन तुकडे.

काकांनी तुकडे घेतले. सवयीनं बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"राख कशाची?"

"निखाऱ्याची."

"कुठं?"

"चौक्यात," काकी म्हणाली. "दूध प्यायचं होतं मला. आज. ह्याच्यातून."

काका तिथंच ओसरीत खाली बसले. टोपी काढून मांडीवर ठेवली. मला वाटलं आता काय होतंय. तं ते हसून राह्यले होते, आन डोळ्यांतून पाणी गळून राह्यलं होतं, आन दोन्ही चालू.

"तू नेला," म्हणाले. "आपल्या हातानं नेला."

"पन फुटला ना! अपशकून झाला ना आजच्या दिवशी!"

"अगं कसला अपशकून? मी दहा साल वाट पाह्यली त्याला उंबरा ओलांडायची. त्यानं ओलांडला. त्याचं काम झालं." फळीकडं हात केला. "हे बाकीचे काय शोभेला आणले मी? ह्याच्यातला कोणता बी घे. आन चाचांनी काय सांगितलं, ते ऐकलं ना? नुस्तं पाण्यानं धू."

काकीनं एकडाव फळीकडं पाह्यलं. आत गेली.

मी दिवसभर खिडकीत. माय म्हणाली, "आता जेव तरी, तुझा कुठं उपासय?" मला जेवणच गेलं न्हाई.

दिवेलागणीला काकांच्या अंगणात गल्लीतल्या मारवाडी बायका जमल्या. लिंबाची डहाळी रोवली, तिच्यापुढं मातीची पाळ करून छोटं तळं केलं, त्यात दूध-पाणी. पूजा झाली. आभाळ आल्तं, चंद्र काय दिसंना. बायका उपाशीपोटी चंद्रालाच बोलायला लागल्या. एकदाचा ढगाआडून निघाला. काकांनी सातूचा पिंडा कापला. मंग दुधाची येळ आली. बाकीच्या बायकांच्या हातात नुस्ते द्रोण. काकी चौक्यातून आली तं तिच्या हातात मंठ्याचा पिवळा कटोरा, आन कटोऱ्यात ठेवलेला पळसाचा द्रोण. दूध द्रोणात. म्हंजे दुधाला पान, पानाला कटोरा. नेम बी मोडला न्हाई आन कटोरा बी आला.

शेजारच्या बसंतीबाईनं लगेच पाह्यलं. "हे काय नवीन, प्रेमबाई?"

"द्रोण गळतो," काकी म्हणाली. "म्हणून खाली ठेवलाय."

आन द्रोण खरंच गळून राह्यला होता! काडीनं टोचलेलं एक पान ते, किती येळ धरंल? काकीनं पहिला घोट घेतला, दुसरा, तिसरा. चवथ्याला द्रोणात काय उरलंच न्हाई.

बसंतीबाई वाकून म्हणती, "सगळं दूध खाली गेलं गं बाई. आन तीजेचं दूध टाकता बी येत न्हाई. आता?"

मी बायकांच्या मागं. काका दारात, एका हातानं चौकट धरलेली. काकीनं कटोऱ्यात पाह्यलं. ओला द्रोण उचलून बाजूला ठेवला. मंग कटोरा दोन्ही हातांत घेतला, जसं पहिल्या दिवशी काकांनी मायला धरायला सांगितलं होतं तसा, आन तोंडाला लावला. एक घोट. मंग दुसरा. मंग तिसरा. मंग चौथा. सात झाले.

पदरानं तोंड पुसलं, बोटानं काठ चाचपला, आन काकांकडं न पाहता म्हणाली, "किती पातळ हाय. ओठाला लागतच न्हाई."

काकांनी चौकट सोडली. नुस्तं मुंडकं हालवत राह्यले, हौ, हौ.

मी गुपित फोडलं, मी निखारे फुंकले, तरी त्या दोघांनी मला आजपर्यंत एका शब्दानं बी बोल लावला न्हाई. दुसऱ्या दिवशी गाडीला निघाले तं काकीनं सातूचे लाडू बांधून दिले, आन काकांनी कागदात गुंडाळून ती फुटलेली फाक दिली. अर्धं निशाण आन एक वटवाघूळ हाय तिच्यावर. काका म्हणाले, "तुझ्यामुळं झालं हे. तुझी बी उमर लंबी होवो." होस्टेलच्या टेबलावर ठेवलीय. अभ्यासाचा कंटाळा आला की डोळे मिटून बोट फिरवते. मीना उंच लागतो. मला मोठ्या माणसांनी लई काय काय दिलंय, पण रागवायच्या जागी थँक्यू म्हणणारी ही दोघंच. म्हणून मी हे लिहिलं. बाकीचा कटोरा काकांनी राखेसकट तसाच फळीवर ठेवलाय, धुतला न्हाई.

फळीवर आता तो एकटाच हाय. बाकीचे दहा चौक्यात गेले. आन त्यानं एक पंचाईत झाली, ती मायनं मला दिवाळीला सांगितली. बाहेरच्या माणसाला चहा द्यायला घरात चिनी मातीचं काय उरलंच न्हाई. काकीनं चौक्यातल्या उरलेल्या पितळी वाट्यांमधली एक काढली आन मायला त्यात चहा दिला. सोताच्या वाटीत. निखारे-बिखारे काय न्हाई.

"मंग, माय? कसं वाटलं?" मी इचारलं.

"कसं वाटणार?" माय बोटं दाखवून म्हणाली. "भाजली की गं सगळी. पितळ किती तापतंय! तो कटोराच बरा होता."